माझ्या मशीनची गुणगुण

आमचे बाबा कुणाचं ऐकून घेतात, असं मी लहानपणापासून पाहिलं नाही. समोरचा अर्ध्या वाक्यावर असतानाच ते आपलं सुरू करायचे आणि समोरच्यानं गुमान गिळायचं, अशी आमच्या घराची रीत. माय गिळायची, गिऱ्हाईक गिळायचं. मी गिळत नव्हते, म्हणून मी वाईट. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते वाचून कुणाला माझी कीव यावी असं मला वाटत नाही. आणि त्यांची तर मुळीच येऊ नये.

लातूरला बाबांचं साउंडचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. लग्न, उरूस, जयंती, गणपती, निवडणुकीची सभा, काहीही असो, औशापासून जळकोटपर्यंत भोंगे लागायचे ते बाबांचे. तेव्हा आवाज मोठा करणारी मशीनं व्हॉल्वची असायची. काचेच्या बाटल्या, आत तापून लाल होणारी तार, आणि ती तापेपर्यंत माइकपुढं उभं राहून पुढारीसुद्धा वाट बघणार. बाबा ही मशीनं स्वतः बांधायचे. पुढं तयार मशीनं आली, व्हॉल्व माळ्यावर गेले, पण साउंडवाल्यांमध्ये बाबांच्या कानाचं नाव राहिलं ते राहिलंच. नांदेडहून, उदगीरहून माणसं बिघडलेलं मशीन घेऊन यायची. बाबा पंखा बंद करायला लावायचे, डोळे मिटायचे, मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवून बसायचे आणि सांगायचे, "ह्याचा पुढचा कंडेन्सर गेलाय." उघडून पाहिलं की तो गेलेला असायचा. खोटं कशाला बोलू, मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण त्या कानाचा माज केवढा! दुसरे कारागीर आपण बांधलेलं मशीन त्यांच्याकडून पास करून घ्यायला आणायचे, आणि नापास झालेल्या मशीनची एक वायर ते स्वतः कापायचे. कुठली कापली ते सांगायचे नाहीत. बांधणाऱ्यानं शोधायची, आणि शोधता शोधता सगळं पुन्हा उघडायचं. "ठिगळ लावून आणू नये म्हणून," असं म्हणायचे. चांगले दाढीमिशीवाले कारागीर आमच्या दारात रडकुंडीला आलेले मी पाहिलेत, आणि ते गेल्यावर बाबा खूश होऊन चहा मागायचे.

मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तिथंच टीव्ही दुरुस्तीच्या एका सेंटरात लागले. ते सेंटर बंद पडलं. दुसरीकडं कुठं जमेना, लग्नाचं मी कुणाला बोलू देत नव्हते, तेव्हा गाठोडं बांधून लातूरला आले. बाबांनी वर न बघता विचारलं, "आलीस? बस." आणि मागच्या बाजूला माइकच्या वायरी गुंडाळायला बसवलं. दुकानात दुरुस्तीचं टेबल एकच. त्यावर बाबा. मी कधी त्या टेबलाला हात टेकवला तरी ते फडकं घेऊन ती जागा पुसायचे.

नांदेडच्या एका गायन पार्टीत गिटार वाजवणारा एक जण डिप्लोमाला माझ्या एक वर्ष मागं होता. मला ताई म्हणतो. त्यानं कुठंतरी व्हॉल्वच्या मशीनवर गिटार ऐकली आणि याड लागल्यासारखा माझ्या मागं लागला. त्याचं म्हणणं, तयार मशीनवर गिटार कशी धुतल्यासारखी वाजते. व्हॉल्ववर जोर केला की आवाज कडेनं जरासा करपतो, दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीसारखा, आणि करपलेला म्हणूनच गोड लागतो. "ताई, बाहेरून मागवायची आपली ऐपत न्हाई. तुमच्या घरात व्हॉल्व पडून हायत. बांधा की. यंदाच्या जयंतीला त्याच्यावरच वाजवतो."

मी बाबांना विचारलं. ते हसले. दुकानात बसलेल्या दोघा-तिघांना ऐकू जाईल असे हसले. मग म्हणाले, "बांध. माझ्या डोळ्यांदेखत बांध. हमिंग आली न्हाई तर दुकानाच्या नावानं बाहेर जाऊ दे, टेबल तुझं. आली तर वायरी गुंडाळ, आन् पुन्हा तोंड उघडायचं न्हाई."

हमिंग म्हणजे गुणगुण. मशीन चालू आहे, कुणी वाजवत नाही, तरी स्पीकरमधून विजेचा घूं असा जो आवाज येत राहतो तो. व्हॉल्वच्या मशीनला तो येतोच येतो, घालवायला कारागिरी लागते. मला ते टेबल पाहिजे होतं. सरळ सांगते, मला त्या टेबलावर बसायचं होतं आणि बाबांनी समोर उभं राहून मला विचारायचं होतं, ह्याचं काय बिघडलंय. दुसरी कसलीच हौस नव्हती.

कूलरवाल्याकडून पत्रा वाकवून चॅसी, म्हणजे मशीनचं खोकं, करून घेतली. त्याला वाटलं मी छोटा कूलर करतेय, तो म्हणाला, "ताई, पाण्याला भोक ठिवलं न्हाई." ट्रान्सफॉर्मर भरायला पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्याच्या दुकानात गेले. त्याच्या हातमशीनवर बसून केसासारखी तार गुंडाळायची, एक थर झाला की कागद, त्यावर पुन्हा थर. मान मोडून आली. वेढे मोजताना कुणी हाक मारली की चुकायचे, मग सगळं उलगडून पहिल्यापासून. तो माणूस बरेच दिवस गप बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "ह्याच्यानं पाणी किती उचलल?"

"एक थेंब न्हाई."

"मग कामून करून राहिल्या?"

"माझ्या बापाच्या नाकावर टिच्चून," मी म्हणलं. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला.

घरी बांधायला बसले ते जमिनीवर. टेबल मिळायचं होतं ना अजून. बाबा वरून बघायचे आणि बोलत राहायचे. सोल्डरची काडी अशी धरतात का, हा जोडाचा डाग आहे का शेणाची गोवरी, पोरीच्या हाताला वायर समजत नाही. एकदा मशीनची पिन काढलेली होती म्हणून मी आत बिनधास्त हात घातला. पिन काढली तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज भरून राहते, हे मला काय ठाऊक नव्हतं? घाईत विसरले. असा झटका बसला की मी मागं भिंतीवर आदळले, खांद्यापासून बोटापर्यंत हात मेला. माय धावत आली. बाबा टेबलावरून उठलेसुद्धा नाहीत. "आता कळलं का मशीन जितं असतं ते?" म्हणाले आणि पुन्हा हातातल्या माइकला लागले. मायनं माझा हात चोळला. रात्रभर चोळत बसली असती, मीच झिडकारून दिलं. मला कुणाची माया नको होती त्या घरात.

आणि एक दिवस मशीन लागलं. व्हॉल्व हळूहळू नारिंगी झाले. मी एक जुनी गिटार मागून आणली होती, मला वाजवता येत नाही, एकच तार छेडली. अगं माय! दुकानात कपाटाची काच थरथरली. तो आवाज असा भरून आला की मला रडू फुटलं. मी शेजारची पिठाची गिरणी जेवायला बंद होईपर्यंत थांबले आणि गल्ली शांत झाल्यावर स्पीकरच्या कापडाला कान लावला. काही नाही. बारीकशी सळसळ, तीही श्वास धरला तर. मी बाबांना बोलावलं.

त्यांनी पंखा बंद करायला लावला. डोळे मिटले. मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवला. गिरणी पुन्हा सुरू झाली होती. पूर्वी ते ऐकायला बसले की गिरणीवाल्याला ओरडून गिरणी थांबवायला लावायचे, त्यावरून दोघांची भांडणं व्हायची. हल्ली ते गिरणीला काही म्हणत नसत. म्हातारपणी मऊपण आलं असेल, असं मला वाटलं होतं.

"हाय," बाबा म्हणाले. "हमिंग हाय."

"कुठंय बाबा? मी कान लावून ऐकलं."

त्यांनी डोळे उघडले, मशीन बंद केलं, उलटं केलं, आत कटर घातला आणि खट् करून कुठलीतरी वायर कापली.

मी ती शोधली. सगळं पुन्हा बांधलं. व्हॉल्व तापवणाऱ्या वायरी वेणीसारख्या गुंफून कडेनं नेल्या. ट्रान्सफॉर्मर आडवा होता तो उभा केला. अर्थिंगच्या सगळ्या वायरी एकाच बोल्टवर आणल्या. बाबा आले, हात ठेवला. "हाय." खट्. पुन्हा शोधलं. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचे नट आवळले, पुन्हा वार्निशमध्ये बुडवून उन्हात वाळवला. पत्र्या विजेनं आतल्या आत थरथरतातच, हात ठेवला तर तळव्याला मुंग्या आल्यासारखं जाणवतं. पण ते हाताला. कानाला त्यातलं काहीच येत नाही, स्पीकरशी त्याचा संबंध नाही. हे मी बाबांना सांगायला गेले, तर ते माझं वाक्य संपायच्या आत म्हणाले, "हमिंग हाय." आणि खट्.

मला वाटायला लागलं माझाच कान फुटका आहे. खरंच वाटायला लागलं. मी गिरणीवाल्याला बोलावून ऐकवलं, तो पिठाळलेला कान स्पीकरला लावून म्हणाला, काहीच नाही. मी मनात म्हणलं, ह्याला काय कळतंय, हा जन्मभर गिरणीत बसलेला. दुकानात येणाऱ्या साउंडवाल्यांना विचारलं. ते आधी बाबांच्या तोंडाकडं बघायचे. बाबांनी मान हलवली की म्हणायचे, "हाव, किंचित हाय बरं का." हरामखोर कुठले.

उन्हाळा चढला. नळाला पाणी येईना. लातूरच्या माणसाला ह्यावर जास्त सांगायची गरज नाही. टँकर आला की बाया घागरी घेऊन पळायच्या, माय त्यात पुढं. आंघोळीचं पाणी भांड्याला, भांड्याचं मोरीला, अशी तिची शिस्त. तांब्यात अर्धा घोट राहिला तरी ती माझ्या अंगावर खेकसायची. आणि त्यात बाबांनी नवीनच काढलं. "अर्थिंग सुकलंय," म्हणाले. "वीज जमिनीत उतरंना, म्हणून हमिंग हाय. पाणी घाल."

अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात. मीठ, कोळसा भरलेला, मधे तांब्याची पट्टी. तो कोरडा पडला तर अर्थिंग नीट होत नाही हे खरंच आहे, पुस्तकातसुद्धा आहे. म्हणून मी वेड्यासारखी रोज सकाळी एक बादली त्या खड्ड्यात ओतायला लागले. टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं, प्यायचं पाणी. जमीन सूं करून पिऊन टाकायची. शेजारची एक बाई कुंपणावरून बघून म्हणाली, "लेकराबाळांच्या घशाला कोरड हाय आन् तुमची पोर मातीला पाजून राहिली." तिनं ते गल्लीभर केलं. माझी मला लाज वाटत होती, तरी ओतत होते. माय मात्र ह्यावर एक चकार शब्द बोलली नाही. घोटासाठी जीव घेणारी बाई, मला बादली भरून द्यायची आणि तोंड फिरवायची. मला वाटलं, हिला पहिल्यांदाच माझी बाजू पटलीय.

जयंती तोंडावर आली तेव्हा गिटारवाला नांदेडहून आला. अहमदपूरला गाडी बंद पडली, दुसरी धरून धुळीनं माखून दुपारी पोचला. पाणी प्यायला आणि बसलाच मशीनपुढं. त्यानं वाजवलं. मी त्या माणसाला कॉलेजपासून ओळखते, तो एरवी फुशारकी मारणारा, पण वाजवता वाजवता गप झाला. गल्लीतली पोरंबाळं दारात जमली. गिरणीवाला गिऱ्हाईक सोडून आला. गिटारवाल्यानं हात थांबवला, स्पीकरला कान लावला, दुसरा कान बोटानं बंद केला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"ताई," तो म्हणाला, "कायबी न्हाई. चिडीचूप हाय. असं मशीन मी जिंदगीत वाजवलं न्हाई."

मी बाबांकडं बघितलं.

"सरक," बाबा म्हणाले. "तुमचे कान कच्चे हायत अजून." त्यांनी पंखा बंद करायला लावला. गिटारवाल्याला तारांवर तळवा दाबून धरायला सांगितलं, म्हणजे तार वाजू नये. आवाज पूर्ण वर केला. डोळे मिटले, मशीनवर हात ठेवला. गिरणी धडधडत होती. आम्ही सगळे घामानं निथळत उभे. माय मधल्या दारात ज्वारी निवडत बसली होती, तिचा हात थांबला.

"हाय," बाबा म्हणाले. "अजून हाय."

आणि तेवढ्यात लाइट गेली. गिरणीचा पट्टा कण्हत कण्हत थांबला, गल्लीत एकदम सामसूम झाली. मशीनवरचा लाल दिवा विझला. दारातली पोरं ओरडली. बाबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मात्र एक एक करून गेल्या.

"आता न्हाई," ते म्हणाले. "आता साफ झालं. बघ, म्हणलं व्हतं ना, अर्थिंगच हाय. पाणी मुरायला टाइम लागतो." त्यांनी मशीन असं थोपटलं, मी जन्मात त्यांना मला तसं थोपटताना पाहिलं नाही. "जमलं. माझ्या पोरीनं बांधलं. आजपासून टेबल तिचं. सांगा सगळ्यांना."

मेलेल्या मशीनवर हात ठेवून बोलत होते.

गिटारवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. गिरणीवाला माझ्याकडं बघायला लागला. मी मायकडं पाहिलं. ती मान हलवत होती, नको, नको, बोलू नको. आणि मला सगळं एका दमात कळलं. गिरणी आता का थांबवत नाहीत ते. फोन नेहमी मायच का घेते ते. कान केव्हाच गेले होते. आयुष्यभर भोंग्याखाली बसून गेले होते. ऐकून न घ्यायची सवय जुनीच, आता समोरच्याच्या ओठांवरून अर्धं ओळखून आपलं सुरू करायचे, त्यामुळे ऐकू येईनासं झालं तेव्हा कुणाला फरक कळणार? ते हातानं ऐकत होते. ट्रान्सफॉर्मरची थरथर तळव्याला लागायची, तीच त्यांची हमिंग. ती जगातला कुणीही कारागीर काढू शकला नसता.

"बाबा, लाइट गेलीय," मी साध्या आवाजात म्हणलं.

ते डोळे मिटून हसत होते. कारागिरी म्हणजे काय ते गिटारवाल्याला समजावत होते.

"बाबा, तुम्ही ठार बहिरे झालात." ते आपलंच सांगत होते. मग माझी जीभ सुटली. मी काय काय बोलले ते मायच्या देखत, पोरांच्या देखत, सगळं लिहिण्यासारखं नाही. माझ्या कापलेल्या एकेका वायरीबद्दल बोलले. मातीत गेलेल्या पाण्याबद्दल बोलले. त्यांना 'म्हाताऱ्या' म्हणाले, अरेतुरे केलं. आणि त्या सगळ्या वेळात तो माणूस सुखानं मान डोलवत होता. मला खोटं बोलायचं नाही, लई बरं वाटलं.

लाइट आली. गिरणी घरघरली, दिवा लागला, ट्रान्सफॉर्मर थरथरला. त्यांच्या तळव्याला ते आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं असणार. चेहरा एकदम काळवंडला.

"आली परत. कुणी हात लावला?" त्यांनी डोळे उघडले.

मी त्यांच्या पुढ्यात गेले. ओठ नीट दिसतील अशी उभी राहिले आणि एकेक शब्द तोडून सांगितलं. "मशीन बंद होतं. लाइट गेली होती. तुम्ही बंद मशीनला जमलं म्हणालात. तुम्हाला ऐकू येत नाही."

ते माझ्या ओठांकडं शेवटपर्यंत बघत होते. पहिल्यांदा त्यांनी माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं. मग दिव्याकडं पाहिलं, बाहेर गिरणीच्या पट्ट्याकडं पाहिलं, गिटारवाल्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांना कळलं. मला तिथंच दिसलं की त्यांना कळलंय. मी थांबले. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की पोरी, जमलंय. एकदा तर म्हणून झालं होतं. आणि डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, देवाशपथ आलं होतं. त्या क्षणी त्यांनी नुसता हात पुढं केला असता तरी मी सगळं सोडून दिलं असतं.

त्यांनी मशीन बंद केलं, उलटं केलं आणि कटर उचलला. ह्या वेळी एक नाही, हाताला लागतील तेवढ्या वायरी कापल्या. माझ्या वेणीसारख्या गुंफलेल्या वायरी.

"हिला हमिंगच कळत न्हाई," ते गिटारवाल्याला म्हणाले. "त्याला कान लागतो. माझ्या नावानं हे जाणार न्हाई. जयंतीला माझं मशीन घेऊन जा, तयार हाय."

मी गिटारवाल्याला म्हणलं, "तू सांग. तुझ्यासमोर लाइट गेली ना? आता तू कान लावला होता ना? सांग त्यांना."

तो बाबांकडं बघायला लागला, मग पायाकडं. त्यानं सगळं पाहिलं होतं. "काका म्हणून राहिले तर असंल काहीतरी ताई," तो म्हणाला. "एवढ्या कानापुढं आपण काय बोलावं?" वाकून त्यांच्या पाया पडला आणि बाबांचं तयार मशीन खांद्यावर घेऊन स्टँडकडं गेला. गिरणीवाला त्याच्या आधीच सटकला होता.

मी मायपुढं जाऊन उभी राहिले. "तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"लई दिवस झाले."

"मग मी पाणी ओतत होते तेव्हा तोंडात काय गुळणी धरली होती?"

मायनं ज्वारीतला खडा काढून बाजूला टाकला. "सांगून काय झालं असतं? त्यांनी पाणी घाल म्हणावं, कुणीतरी घालावं, तेवढंच राहिलंय त्यांचं. बादलीभर पाण्यानं माणूस उभा राहत असंल तर जाऊ दे म्हणलं."

"आन् मी?"

"तुला दुसरं बांधता येतं. त्यांना दुसरे कान कुठून आणू?"

बाबांचा मला राग होताच, तो जन्माचा होता. पण त्या वेळी मला ह्या बाईचा जो राग आला त्याला तोड नाही. ती मला बादली भरून देत होती. रोज, आपल्या हातानं भरून देत होती. मी म्हणलं, "मरा दोघंही," आणि चॅसी पोत्यात घालून नांदेडला निघून आले. ते शब्द मी अजून परत घेतलेले नाहीत. ती फोन करते, मी घेते, दोघी पाण्यापावसाचं बोलतो.

नांदेडला मी आता इन्व्हर्टर दुरुस्त करते. लहानसं दुकान आहे, टेबल माझं आहे. मशीन पुन्हा बांधलं, कापलेली एकेक वायर बदलली, ते कोपऱ्यातल्या फळीवर असतं. कुणी घेतलं नाही. गायन पार्ट्यांमध्ये, साउंडवाल्यांमध्ये बोललं जातं ते माझ्या कानावर येतं. पोरीनं बांधलं खरं, पण हमिंग राहिली. बापाला मान खाली घालायला लावली.

परवा एक साउंडवाला इन्व्हर्टर घेऊन आला. कोपऱ्यातल्या मशीनकडं बघून म्हणाला, "हे लातूरच्या काकांच्या पोरीनं बांधलेलं ना? ऐकून हाय मी. हमिंग हाय म्हणं त्यात."

"मीच ती पोर," मी म्हणलं. पिन बोर्डात घातली, बटणावर बोट ठेवलं. "दोन मिनिटं थांबा, तापू द्या. स्वतःच्या कानानं ऐका."

तो घाईनं उठला. "नको ताई," म्हणाला. "काकांनी ऐकलंय की."